शुल्क ऑनलाइन झाले, हिशोबाचा मेळ कसा घालावा?

विद्यापीठे आणि स्वायत्त महाविद्यालये शुल्कवसुली, परतावे व पुरवठादारांची बिले ऑनलाइन करू लागली आहेत. या बदलाविषयी विद्यार्थी, पालक, लेखा विभागातील कर्मचारी आणि पुरवठादार यांनी विचारलेल्या काही प्रश्नांना या वेळी उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात पुढील शैक्षणिक वर्षापासून सर्व शुल्क ऑनलाइन घेण्यास व्यवस्थापन परिषदेने मान्यता दिली आहे. लवकरच निविदा निघेल. मी लेखा विभागात अधीक्षक आहे. आमच्या विभागाने आधी कोणती तयारी करावी?

उत्तर : निविदा निघण्याआधी शुल्कपत्रक नीट करून घ्यावे. अशा कामात बहुतेक बैठका 'कोणते पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी यंत्रणा) घ्यायचे' या प्रश्नाने सुरू होतात आणि तिथेच अडकतात. माझ्या मते पैसे कसे स्वीकारायचे हा या कामातला सोपा भाग आहे. कोणाकडून, कशापोटी आणि किती मागायचे हे ठरवणे अवघड आहे.

जुन्या पद्धतीत विद्यार्थी तीन प्रतींचे चलन घेऊन बँकेत जाई. एक प्रत बँकेकडे राही, एक कार्यालयात येई आणि एक विद्यार्थ्याजवळ राही. त्या चलनावरचा आकडा मात्र खिडकीतल्या लिपिकाने ठरवलेला असे. विद्यार्थी कोणत्या प्रवर्गातला आहे, मागच्या सत्राची बाकी आहे का, ग्रंथालयाची अनामत पहिल्या वर्षीच भरली आहे का, एखादा विषय राहिला असल्यास परीक्षा शुल्क किती, हे सारे तो अर्ज पाहता पाहता मनात जुळवी आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने रक्कम लिहून देई. आता तो आकडा संगणकाने काढायचा आहे, आणि लिपिकाच्या डोक्यातले नियम बहुतेक कार्यालयांत कुठेही एकत्र लिहिलेले नाहीत. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर काम केलेल्या दोन-तीन अनुभवी कर्मचाऱ्यांना बसवून हे नियम कागदावर उतरवून घ्यावेत. पुरवठादार कंपनीच्या माणसाला ते आपोआप कळतील, अशी आशा धरू नये.

त्यानंतर शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, विद्यार्थी कल्याण निधी, अनामत अशी प्रत्येक बाब स्वतंत्र लेखाशीर्षाला जोडावी. अनामत ही परत करायची रक्कम आहे, उत्पन्न नव्हे. तरीही ती शुल्कात मिसळून गेलेली अनेक ठिकाणी दिसते. संलग्न महाविद्यालय पात्रता शुल्क किंवा परीक्षा शुल्क विद्यापीठाच्या वतीने घेत असेल, तर तो वाटा देयकातच वेगळा दाखवावा. शेवटी प्रत्येक मागणीला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो विद्यार्थ्याच्या पीआरएनशी (कायम नोंदणी क्रमांकाशी) बांधावा. पुढे पावती, परतावा आणि बँकेतली जमा याच क्रमांकाने शोधता आली पाहिजे, ही अट निविदेत स्पष्ट शब्दांत घालावी. पैसे गोळा करणारी कंपनी 'पेमेंट ॲग्रिगेटर' म्हणून काम करणार असेल, तर तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का, हेही तेव्हाच पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा बँकेतर कंपन्यांनी गोळा केलेले पैसे अनुसूचित व्यापारी बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे केवळ याच कामासाठी राखलेल्या वेगळ्या खात्यात, ठेवणे बंधनकारक आहे.

प्रश्न : परीक्षा अर्जाच्या शेवटच्या रात्री मी १,२४० रुपये यूपीआयने भरले. खात्यातून पैसे गेले, पण पोर्टलवर 'प्रलंबित' असेच दिसत राहिले, म्हणून पुन्हा भरले. दुसऱ्या वेळी पावती आली. पहिल्या रकमेबद्दल कार्यालय म्हणते बँकेला विचारा, आणि बँक म्हणते की पैसे संस्थेला पोहोचले आहेत. मी काय करावे?

उत्तर : यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पैसे कापले गेले, पण संस्थेकडे व्यवहाराची पुष्टी पोहोचलीच नाही, तर तो फसलेला व्यवहार ठरतो. अशा व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले असून ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे. त्यानुसार व्यापारी किंवा संस्थेला यूपीआयने केलेल्या व्यवहाराची रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत आली पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास ग्राहकाने न मागताही दर दिवसामागे १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे.

आपली बँक मात्र पैसे पोहोचल्याचे सांगत आहे. तसे असेल तर आपले दोन्ही व्यवहार यशस्वी झाले आहेत आणि वरचा नियम आपल्याला लागू होत नाही. पहिली रक्कम विद्यापीठाकडे जादा जमा म्हणून पडून आहे, आणि ती परत करणे किंवा पुढच्या शुल्कात वळती करणे ही विद्यापीठाचीच जबाबदारी आहे. दोन्ही व्यवहारांचे १२ अंकी संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ आणि खात्याच्या उताऱ्याचे ते पान जोडून वित्त व लेखा अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा. कार्यालयाने केवळ आपल्या पोर्टलवर पाहून 'आमच्याकडे जमा नाही' असे सांगणे पुरेसे नाही. गेटवे कंपनीच्या अहवालात तो क्रमांक शोधून मगच उत्तर द्यायला हवे.

पोर्टलवर 'प्रलंबित' का राहते, हेही सांगतो. पैसे भरल्यावर पुष्टीचा निरोप विद्यापीठाकडे दोन वाटांनी येऊ शकतो. एक वाट विद्यार्थ्याच्या मोबाइलवरील ब्राउझरमधून परतते, आणि दुसरी गेटवेच्या सर्व्हरपासून थेट विद्यापीठाच्या सर्व्हरपर्यंत येते. पहिल्या वाटेवर रेंज गेली, फोन आला किंवा पान बंद झाले की निरोप हरवतो. स्वस्तात बनवलेल्या पोर्टलमध्ये बहुधा ही एकच वाट असते. दुसरी वाट असणे, आणि अडकलेल्या व्यवहारांची स्थिती गेटवेला दर काही मिनिटांनी आपणहून विचारणारी सोय असणे, या दोन गोष्टी असतील तर असे निम्म्याहून अधिक तंटे उद्भवणारच नाहीत, असे माझे मत आहे.

अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत, हा सल्ला बरोबर असला तरी शेवटच्या दिवशी रात्री अकरा वाजता तो पाळणे कठीण आहे. त्यासाठी पैसे खात्यातून गेल्याची तारीख हीच शुल्क भरल्याची तारीख मानावी, असा निर्णय परीक्षा विभागाने जाहीर करायला हवा. त्याला एक रुपयाही खर्च नाही.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ऑनलाइन शुल्क सुरू झाल्यापासून बँकेत रोज एकच ठोक रक्कम येते आणि ती कोणत्याही बेरजेशी जुळत नाही. लेखापरीक्षकांनी आक्षेप घेतला आहे. ताळमेळ घालण्याची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. समजा, एका दिवशी १०० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १२,४०० रुपये भरले. मागणी नोंदवहीप्रमाणे त्या दिवसाची वसुली १२,४०,००० रुपये झाली. त्यांपैकी ७० जणांनी यूपीआयने, २० जणांनी नेट बँकिंगने आणि १० जणांनी क्रेडिट कार्डाने पैसे भरले. आपल्या करारात नेट बँकिंगच्या व्यवहारामागे १५ रुपये, क्रेडिट कार्डावर १ टक्का आणि या आकारांवर १८ टक्के जीएसटी आहे, असे धरू. नेट बँकिंगचे ३०० रुपये आणि त्यावर ५४ रुपये जीएसटी. कार्डाचे १,२४० रुपये आणि त्यावर २२३.२० रुपये जीएसटी. एकूण कपात १,८१७.२० रुपये. त्याच दिवशी मागे प्रवेश रद्द केलेल्या एका विद्यार्थ्याचा १२,४०० रुपयांचा परतावाही गेटवेने याच रकमेतून वळता केला. परिणामी पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत १२,२५,७८२.८० रुपये जमा झाले. हा आकडा कोणत्याही विद्यार्थ्याच्या पावतीशी किंवा पावत्यांच्या बेरजेशी जुळणार नाही, आणि जुळावा अशी अपेक्षाही नाही.

गोंधळ इथूनच सुरू होतो. बँकेत आलेली १२,२५,७८२.८० ही रक्कमच शुल्काचे उत्पन्न म्हणून रोकडवहीत लिहिली जाते. त्यामुळे शुल्क कमी दिसते, बँकेचा आकार खर्चात येत नाही, परतावा गायब होतो आणि वर्षाअखेर विद्यार्थीनिहाय यादी व खतावणी यांत काही लाखांची तफावत उभी राहते. खरी नोंद दोन टप्प्यांत करायची असते. विद्यार्थ्याने भरणा केला त्या दिवशी पूर्ण १२,४०,००० रुपये संबंधित शुल्कशीर्षांना जमा करून तितकीच रक्कम 'गेटवेकडून येणे' या मधल्या खात्याला नावे टाकावी. बँकेत पैसे आले की ते खाते १२,२५,७८२.८० रुपये बँक, १,५४० रुपये आकार, २७७.२० रुपये जीएसटी आणि १२,४०० रुपये परतावा अशा नोंदींनी पुसले जाते. शैक्षणिक शुल्क जीएसटीमुक्त असल्याने या २७७.२० रुपयांचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. ते खर्चातच धरावे. त्या मधल्या खात्यात जी शिल्लक राहील ती गेटवेकडे अडकलेली रक्कम होय, आणि ती कोणाकोणाची आहे हे रोजच्या रोज सांगता आले पाहिजे.

म्हणजे जुळवायच्या याद्या तीन आहेत: आपली मागणी नोंदवही, गेटवेचा सेटलमेंट अहवाल (बँकेत पाठवलेल्या रकमेचा तपशील) आणि बँकेचा उतारा. पहिल्या दोन याद्या मागणी क्रमांकाने जुळतात, तर दुसरी आणि तिसरी ठोक रकमेच्या यूटीआर क्रमांकाने (बँक हस्तांतरणाच्या संदर्भ क्रमांकाने). अनेक कार्यालयांत मधली यादी कोणी उतरवूनच घेत नाही, आणि मग पहिली व तिसरी थेट जुळवण्यात लिपिकाचे आठवडे जातात. हे काम महिनाअखेरीसाठी साठवून ठेवू नये. प्रवेशाच्या दिवसांत तरी रोज सकाळी आदल्या दिवसाचा मेळ घातल्याशिवाय नव्या कामाला हात लावू नये. सुट्ट्यांना जोडून आलेल्या दिवसांची वसुली एकत्र जमा होते, तिथे तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. ३१ मार्चला विद्यार्थ्याने भरलेले पैसे बँकेत एप्रिलमध्ये येतात. ते त्याच आर्थिक वर्षात 'येणे' म्हणून दाखवावे लागतात. लेखापरीक्षकांचा आक्षेप बहुधा याच जागी असतो.

प्रश्न : शुल्कावर 'सुविधा शुल्क' म्हणून जादा रक्कम लावली जाते. ती घेणे योग्य आहे का? यूपीआयने मोठी रक्कम भरताना व्यवहार नाकारला जातो, तो का?

उत्तर : बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारांवर आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी आकार (पैसे घेणाऱ्या संस्थेकडून बँक घेते तो आकार) शून्य आहे. त्यामुळे या दोन मार्गांसाठी बँकेच्या आकाराच्या नावाखाली विद्यार्थ्याकडून जादा पैसे घेण्याला आधार राहत नाही. इतर डेबिट कार्डांसाठी मोठ्या संस्थांच्या बाबतीत ०.९० टक्के आणि व्यवहारामागे कमाल १,००० रुपये अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून घातली. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून तिथे आकार जास्त दिसतो. निदान प्रत्येक मार्गापुढे त्याचा आकार आधीच दाखवावा आणि बिनखर्चाचा मार्ग सर्वांत वर ठेवावा. काही पोर्टलवर तो सर्वांत खाली असतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

मर्यादेबद्दल सांगायचे तर शैक्षणिक संस्थांना यूपीआयने द्यायच्या रकमेची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये केली. मात्र बँकेकडे आपल्या संस्थेची नोंद शैक्षणिक वर्गवारीत झालेली हवी. ती सर्वसाधारण व्यापारी म्हणून झाली असेल, तर मोठे व्यवहार नाकारले जातात. विद्यार्थ्याची स्वतःची बँकही कमी मर्यादा ठेवू शकते.

प्रश्न : माझी मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमाला आहे. तिला शासनाची शुल्कसवलत लागू आहे, तरीही पोर्टल पूर्ण शुल्काची मागणी दाखवते आणि ते भरेपर्यंत परीक्षा अर्ज उघडू देत नाही. महाडीबीटीचे (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे अजून आलेले नाहीत. आम्ही काय करायचे?

उत्तर : महाडीबीटीवरील अर्जाची प्रत आणि महाविद्यालयाने केलेल्या पडताळणीची स्थिती दाखवून विभागप्रमुखांमार्फत शुल्क विभागाकडे लेखी विनंती करावी, आणि परीक्षा अर्ज कार्यालयाकडून उघडून मागावा. ही सोय बहुतेक प्रणालींत असते, पण ती वापरण्याचा अधिकार कोणाला हे ठरलेले नसते.

मूळ दोष देयकाच्या रचनेत आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयानुसार केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) व ओबीसी मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळते. अशा विद्यार्थिनीच्या देयकात 'विद्यार्थिनीने भरायचे' आणि 'शासनाकडून येणे' असे दोन रकाने हवेत, आणि अर्ज अडवायचाच असेल तर तो फक्त पहिल्या रकान्यातील थकबाकीवर अडवावा. शासनाच्या उशिराची वसुली मुलीकडून करणे अन्यायाचे आहे. काही शिष्यवृत्त्यांची रक्कम विद्यार्थ्याच्या आधारसंलग्न खात्यात थेट येते आणि ती त्याने संस्थेकडे भरायची असते. तिथे मागणी कायम ठेवून मुदत मात्र रक्कम जमा झाल्याच्या तारखेपासून मोजावी.

प्रश्न : आम्ही सांगलीत प्रयोगशाळेची लाकडी टेबले आणि रॅक तयार करतो. विद्यापीठाने आता बिले पोर्टलवर मागितली आहेत. आम्ही डिजिटल स्वाक्षरीचे बिल चढवले, तरी कार्यालय शाई-शिक्क्याच्या तीन प्रती मागते. बिल चार महिने अडकले आहे.

उत्तर : माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने डिजिटल स्वाक्षरी केलेल्या इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला मान्यता दिली आहे. आपली वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याला ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवलेले बिल) काढावेच लागते आणि त्यावरील क्यूआर कोड स्कॅन करून कार्यालयाला खरेपणा तपासता येतो. बिल छापायचे, त्यावर शिक्का मारायचा आणि तोच कागद पुन्हा स्कॅन करून पोर्टलवर चढवायचा, हा प्रकार मी पाहिला आहे. त्याला ऑनलाइन सेवा म्हणण्यात अर्थ नाही.

तथापि, विलंबाचे कारण बहुधा तीन प्रती नसाव्यात. बिल मंजूर होण्यासाठी खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माल विभागात पोहोचतो, टेबले वापरातही येतात, पण डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद होऊन तिचा पान क्रमांक लेखा विभागाकडे जात नाही. तो क्रमांक मिळाला का, हे आधी विचारावे. पोर्टलमध्ये ही नोंद विभागप्रमुखांनी ठरावीक दिवसांत करण्याची अट असेल, तर बिल नेमके कोणाच्या टेबलावर थांबले आहे हे पुरवठादारालाही दिसते. प्रणाली विकत घेताना ही सोय आग्रहाने मागायला हवी, पण ती क्वचितच मागितली जाते.

आपण उत्पादक आहात. उद्यम नोंदणीनुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागू होते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी असूनही हे संरक्षण मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि स्मरणपत्रात या तरतुदीचा उल्लेख करावा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत विद्यापीठात शिकतो. शुल्क मी भरतो, पण ई-बिल मला येत नाही आणि विद्यापीठ माझ्या ईमेलला दाद देत नाही.

उत्तर : तिथे शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेसाठी १९७४ चा 'फर्पा' हा कायदा आहे. विद्यार्थ्याने महाविद्यालयीन शिक्षण सुरू केले, की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, आणि शुल्काचे खातेही त्या नोंदींत मोडते. मुलाने आपल्या खात्यात आपल्याला अधिकृत व्यक्ती म्हणून जोडले की बिल आपल्यालाही दिसू लागेल. हे काम त्यालाच करावे लागते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर 'शुल्काची शेवटची संधी' म्हणून क्यूआर कोड येतात. खरे-खोटे कसे ओळखावे?

उत्तर : निरोपातून आलेल्या कोडवर पैसे भरूच नयेत, विद्यापीठाचे संकेतस्थळ स्वतः उघडून आपल्या लॉगिनमधील मागणीवरच भरावेत. ॲपमध्ये पैसे घेणाऱ्याचे नाव एखाद्या व्यक्तीचे दिसले तर तिथेच थांबावे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

प्रश्न : येत्या जुलैपासून रोख आणि चलनाची खिडकी पूर्ण बंद करण्याचा आमच्या प्राचार्यांचा विचार आहे. हे घाईचे होईल का?

उत्तर : होईल. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांचे मूल्यांकन एकदम संगणकाच्या पडद्यावर नेले, तेव्हा सुमारे १७ लाख उत्तरपत्रिकांचा प्रश्न होता. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. तंत्र वाईट होते असे नाही. ते सर्वांत गर्दीच्या हंगामात, एकाच वेळी सगळीकडे लागू केले गेले.

प्रवेशाचा हंगाम टाळून दिवाळीनंतर सुरुवात करावी, आणि तीही स्थलांतर प्रमाणपत्र, ट्रान्स्क्रिप्ट, गुणपत्रिकेची दुय्यम प्रत, पुनर्मूल्यांकन अशा ठरावीक रकमेच्या सेवांपासून करावी. यांत सवलत नसते, हप्ते नसतात, प्रवर्ग पाहावा लागत नाही. त्यामुळे ताळमेळाची घडी बसवायला कर्मचाऱ्यांना उसंत मिळते. सत्र शुल्क त्यानंतरच्या वर्षी ऑनलाइन करावे. ज्यांच्या घरी नेट बँकिंग नाही, त्यांच्यासाठी पोर्टलवरून मागणी क्रमांकासह चलन छापून बँकेच्या शाखेत रोख भरण्याची सोय ठेवावी. स्टेट बँकेच्या एसबीआय कलेक्टमध्ये शाखेत भरणा करण्याचा असा पर्याय मिळतो. मागणी क्रमांकाशिवाय कोणतीही रक्कम न स्वीकारण्याचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा, मग ती रोख असो वा ऑनलाइन.